नऊ नंबरच्या खोलीतला इंग्रजीचा वर्ग

१

आम्ही चारकोपला राहायला गेलो तेव्हा तिथे माणसांपेक्षा कुलुपं जास्त होती. सत्त्याऐंशी साल. सगळीकडे सारख्या बैठ्या खोल्यांच्या रांगा, वर सिमेंटचे पत्रे, मधे चौक आणि चौकात एक नळ. सरकारी सोडतीत खोल्या लागलेली बरीच माणसं इतक्या लांब यायला तयार नव्हती. कांदिवली स्टेशनवर 'चारकोप' म्हटलं की रिक्षावाले मान फिरवायचे. दुपारी खाडीवरून वारा सुटला की बंद दारांच्या कड्या आपोआप वाजायच्या. सुरुवातीला मी दचकायची, पुढे सवय झाली.

माझं बी. ए. इंग्रजी घेऊन झालं होतं. शाळेत नोकरी मिळत नव्हती. विद्याधर, माझा नवरा, इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या कारखान्यात रात्रपाळी करायचा आणि दुपारी झोपायचा. एका खोलीचा संसार, त्यामुळे दुपारभर मी भांडंसुद्धा जपून ठेवायची. चौकातल्या बायकांनी 'आम्हाला इंग्रजी शिकव' म्हणून धरलं, तेव्हा जागेचाच प्रश्न आला.

तो सोडवला शिवदासकाकांनी. ते आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. कोपऱ्यातली नऊ नंबरची खोली ज्याला लागली होती तो कधी आलाच नव्हता. पत्र पाठवलं तर परत यायचं. काकांकडे किल्ली होती. ते म्हणाले, बंद राहून वाळवी लागण्यापेक्षा तुम्ही बसा, झाडलोट तरी होईल.

वर्गाला तिघी होत्या. शकुवहिनी मालवणकडच्या, चाळिशीच्या, आवाज खणखणीत. मुलाला इंग्रजी शाळेत घातलं होतं आणि त्याच्या टीचर काय बोलतात ते त्यांना समजून घ्यायचं होतं. राधा विशीची, तिला डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन घ्यायचं काम हवं होतं. तिसऱ्या मालनताई. त्या जालन्याकडच्या. नवरा भीमराज लेथवर काम करायचा. त्यांची सात वर्षांची मुलगी, सुजाता, आदल्या वर्षी काविळीने गेली होती. पहिल्या दिवशी भीमराजदादा त्यांना दारापर्यंत सोडायला आले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, शिकली नाही तरी चालंल. घरात एकटी बसली की हरवून जाती. हाका मारल्या तरी येत न्हाई. माणसांत बसू द्या तिला."

नऊ नंबरच्या दारावर सरकारी माणसांनी कधीतरी पांढऱ्या रंगाने इंग्रजीत एक शब्द लिहिला होता. राधाने त्याचाच अर्थ विचारला. आमच्या वर्गाचा पहिला शब्द तोच झाला. व्हेकंट.

मी सांगितलं, व्हेकंट म्हणजे रिकामं. शकुवहिनी म्हणाल्या, रिकाम्याला तर 'एम्प्टी' म्हणतात, मुलाने डबा खाल्ला की तो तसंच म्हणतो. मग मी फरक समजावला. डबा एम्प्टी असतो, त्यात काही नसतं एवढंच. खोली व्हेकंट असते, ती माणसाने राहायची जागा असते आणि सध्या तिथे कोणी राहत नसतं. नोकरीची जागा व्हेकंट असते, बसमधली सीट व्हेकंट असते. मला माझंच उत्तर आवडलं.

शकुवहिनींनी ते स्वतःपुरतं घोळवलं. "म्हणजे जागा कोणासाठी तरी आसा, पण तो अजून येवक नाय."

"बरोबर," मी म्हटलं.

मालनताई आतल्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, मोरीच्या बाजूला. त्यांनी खोलीभर एकदा नजर फिरवली, आपण कुणाच्या घरात विचारल्याशिवाय बसलोय अशी.

२

मी वाक्य म्हणायचं आणि त्यांनी एका सुरात माझ्यामागून म्हणायचं, अशी आमची पद्धत होती. शाळेत मीही तशीच शिकले होते.

पहिल्या आठवड्यातलीच गोष्ट. मी म्हटलं, "धिस रूम इज व्हेकंट." तिघींनी म्हटलं. त्यांचा आवाज थांबल्यावर तेच वाक्य अजून एकदा ऐकू आलं. अगदी हलकं. कुणी उशिरा म्हणतं तसं.

मोकळ्या खोलीत आवाज घुमतो. सामान नाही, कपडे नाहीत, नुसत्या भिंती आणि वर पत्रा. मी तिकडे लक्ष दिलं नाही. पुढचं वाक्य घेतलं, "धिस इज अ विंडो." त्याच्यामागे काहीच आलं नाही. "धिस इज अ डोअर." नाही. तिघींचे आवाज संपले की चौकातल्या नळाची टिपटिप तेवढी ऐकू यायची.

असं कसं, म्हणून मी पुन्हा मागचं वाक्य घेतलं. तिघींनी म्हटलं. मी कान दिला.

"धिस रूम वॉज व्हेकंट."

हे त्यांच्यामागून आलं. नीट, सावकाश, प्रत्येक शब्द सुटा.

मी विचारलं, हे कोण म्हणालं? राधाने शकुवहिनींकडे पाहिलं, शकुवहिनींनी राधाकडे. दोघींनाही वाटलं होतं की मालनताई मागे राहिल्या. मालनताईंनी मान हलवली. त्या सगळ्यांबरोबरच थांबल्या होत्या.

मी हसून म्हटलं की चूक झाली तरी हरकत नाही, 'वॉज' नाही, 'इज' म्हणायचं. पण घरी गेल्यावर विद्याधरच्या शेजारी पडल्या पडल्या एकच गोष्ट डोक्यात फिरत राहिली. भूतकाळ मी त्यांना शिकवलाच नव्हता. 'वॉज' हा शब्द त्या खोलीत माझ्या तोंडून एकदाही आला नव्हता. राधाला थोडं येत होतं, तिला तो माहीत असेल. पण राधा माझ्या समोर बसली होती आणि तिचे ओठ मिटलेले मी पाहिले होते.

त्यात ते वाक्य चुकीचंही नव्हतं. आम्ही तिथे बसायला लागलो होतो, म्हणजे खोली रिकामी होती, आता नाही. कुणीतरी माझी चूक सुधारली होती. असं मी स्वतःला विनोद म्हणून सांगितलं, पण मला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी वर्गाच्या आधी जाऊन खोली बघितली. मोरीत कोरडी फरशी, एक गंजलेला नळ. ओट्याखाली कोळ्याचं जाळं. शेजारच्या दोन्ही खोल्या बंद. काही म्हणजे काही नव्हतं. फक्त मालनताई बसायच्या त्या जागची फरशी मी हाताने झाडली तेव्हा ती गरम लागली. ऊन तिथपर्यंत येत नव्हतं. मी हात काढून घेतला, पुन्हा टेकवला. गरमच होती, आत्ताच कोणी उठून गेल्यासारखी.

मी तिथे चटई अंथरली आणि त्या विषयावर विचार करायचा नाही असं ठरवलं.

३

ते वाक्य मी पुन्हा घेतलं नाही. आम्ही फळं, भाज्या, नाती शिकत गेलो. पंधराएक दिवस सगळं सुरळीत चाललं. शकुवहिनी नळावर 'गुड मॉर्निंग' म्हणायला लागल्या आणि सगळा चौक त्यांना हसायला लागला. मालनताई मात्र शिकत नव्हत्या. त्या यायच्या, भिंतीला टेकायच्या, आणि थोड्या वेळाने त्यांची नजर समोरच्या भिंतीवर जाऊन थांबायची. तोंड किंचित उघडं. राधा त्यांना कोपराने हलवायची तेव्हा त्या दचकून 'हां बाई' म्हणायच्या.

एका दुपारी राधाने कुठल्यातरी जुन्या मासिकात वाचलेला शब्द विचारला. व्हेकंट लुक. खोली व्हेकंट असते ते कळलं, नजर कशी असेल?

मी म्हटलं, माणूस समोर बघतो पण त्याला काही दिसत नाही, त्याचं मन तिथे नसतं, ती नजर. आपण शून्यात बघणं म्हणतो. सांगता सांगता माझे डोळे मालनताईंकडे गेले, आणि बाकीच्या दोघींचेही. त्या तशाच बसल्या होत्या. राधाचा हात त्यांना हलवायला पुढे झाला होता, तो मधेच थांबला.

शकुवहिनींनी आवाज खाली आणला. त्यांना मी पहिल्यांदाच इतकं हळू बोलताना ऐकलं.

"बाई, माणूस व्हेकंट झालो, तर तेच्यात ऱ्हवाक कोण येता?"

मला आधी राग आला. मी म्हणणार होते की माणूस म्हणजे खोली आहे का. पण त्याआधीच मालनताईंनी मान वळवली. दचकून नाही, कोणी हाक मारावी आणि आपण सहज बघावं तशी. त्यांनी आळीपाळीने आम्हा तिघींकडे पाहिलं. आतून कोणीतरी खिडकीशी येऊन बाहेर डोकवावं, तसं वाटलं मला.

"समवन," त्या म्हणाल्या.

राधा हसली. तिला वाटलं मालनताईंना अखेर एक शब्द आला. मीही 'व्हेरी गुड' म्हटलं. आपण घाबरलो की तोंडातून नेहमीचेच शब्द येतात.

४

त्यानंतर मालनताई बऱ्या होत गेल्या. सगळे तसंच म्हणत होते. केसांना तेल लागलं, साडी नीट नेसायला लागल्या, नळावर रांगेत उभ्या राहून चार शब्द बोलायला लागल्या. वर्गात तर त्या राधाच्याही पुढे गेल्या. मी वाक्य म्हणायच्या आत त्या पुढचं म्हणायच्या. उच्चार स्वच्छ. मराठीही बदलली होती. 'हाय', 'न्हाई' गेलं. छापल्यासारखं बोलायच्या. मला वाटलं, माझ्यासमोर नीट बोलायचा प्रयत्न करत असतील.

भीमराजदादा एकदा नळावर भेटले. नेहमीसारखं 'जय भीम, बाई' म्हणाले आणि तिथेच घोटाळत राहिले. मी विचारलं, ताई बऱ्या आहेत ना आता? ते म्हणाले, हसते, जेवते, रात्रीची रडत नाही, तुमचे उपकार आहेत. पण त्यांचा चेहरा उपकार मानणाऱ्या माणसाचा नव्हता. मग सांगितलं. घरात बुद्धाच्या तसबिरीशेजारी सुजाताचा फोटो होता. मालनताईंनी तो खाली काढला, पदराने पुसला, आणि त्यांना विचारलं, ही मुलगी कोण?

"दुःख मागं टाकायचं म्हणून आसं करत आसंल," ते म्हणाले. "डॉक्टर पण म्हणत होते, हळूहळू इसरंल." ते माझ्याकडून काहीतरी ऐकायची वाट बघत होते. मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी हजेरी घेतली. ती आमची एक गंमत होती, तिघींचीच हजेरी. मी नाव घ्यायचं आणि त्यांनी इंग्रजीत 'प्रेझेंट' म्हणायचं. राधा म्हणाली. शकुवहिनी म्हणाल्या.

"मालनताई?"

"प्रेझेंट, टीचर," समोर बसलेल्या मालनताई म्हणाल्या.

आणि मोरीतून, कोरड्या मोरीच्या अंधाऱ्या कोपऱ्यातून, खालच्या आवाजात कोणीतरी म्हणालं, "बाई, मी हितं हाय."

तो आवाज मी ओळखला. महिनाभर 'हां बाई' म्हणणारा, दमलेला, जालन्याकडचा आवाज. मी मोरीकडे पाहिलं. तिथे काही नव्हतं. मग समोर पाहिलं. मालनताई माझ्याकडेच बघत होत्या. त्यांनी ऐकलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, नवलही नव्हतं. पाहुण्यांसमोर घरातलं मूल मधेच बोललं की आई जशी जराशी ओशाळते, तेवढंच होतं.

"गो ऑन, टीचर," त्या म्हणाल्या.

शकुवहिनी उठल्या. त्यांनी चपला पायांत घातल्यासुद्धा नाहीत, हातात घेतल्या आणि चौक ओलांडून गेल्या. राधा विचारत राहिली काय झालं, तिने काहीच ऐकलं नव्हतं. मी वर्ग संपल्याचं सांगितलं, खडू तिथेच टाकला. कुलूप लावताना किल्ली मला नीट बसवता येईना, ती मालनताईंनी माझ्या हातातून घेऊन फिरवली. त्यांची बोटं थंडगार होती. 'थँक यू' म्हणून त्या घरी गेल्या.

संध्याकाळी मी शकुवहिनींकडे गेले. त्या तांदूळ निवडत होत्या. वर मान न करता म्हणाल्या, "माका काय एक विचारू नको गो. मी काय आयकूक नाय." त्या पुन्हा कधी नऊ नंबरच्या बाजूने गेल्या नाहीत. नळाला जाताना लांबचा वळसा घ्यायच्या.

विद्याधरला मी सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, बंद खोल्यांत शेजारचे आवाज पत्र्यावरून येतात, आणि तू दुपारची जरा झोपत जा. शेजारी कोणी राहत नाही हे त्याला माहीत होतं. मीही वाद घातला नाही. त्याचं खरं असावं असं मला मनापासून वाटत होतं.

५

तरी तो आवाज कानातून जाईना. 'मी हितं हाय.' मदत मागितली नव्हती, रडणं नव्हतं. हजेरीत आपलं नाव आलं म्हणून दिलेलं उत्तर होतं. आणि मी दाराला कुलूप लावून आले होते.

शेवटी मी भीमराजदादांना गाठलं. कसं सांगितलं मला आठवत नाही. त्यांचा चेहरा दगडासारखा झाला. मला वाटलं आता ओरडतील. माझ्या बायकोला वेडी ठरवता का, एवढंच विचारलं आणि निघून गेले. रविवारी दुपारी मात्र दारात उभे. म्हणाले, चला, किल्ली घ्या.

आम्ही खोली उघडली. बाहेर चौकात उन्हात पापड वाळत होते, कोणाच्या तरी रेडिओवर गाणी लागली होती. आत पाऊल टाकलं आणि ते आवाज एकदम लांब गेले, मधे चार भिंती उभ्या राहिल्यासारखे. दार तर उघडंच होतं.

दादांनी हाक मारली, "मालन." काही नाही. पुन्हा मारली. काही नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, त्या नजरेत राग होता आणि सुटकाही होती. मलाही सुटल्यासारखं वाटलं. चला, माझ्याच डोक्यात काहीतरी होतं.

मग ते का कोण जाणे, आतल्या भिंतीपाशी खाली बसले. कामावरून घरी आलेला माणूस बसतो तसे, पाय पसरून. आणि साध्या आवाजात, रोजचं बोलावं तसं विचारलं, "सुजीचा पिवळा फ्रॉक कुठं ठिवला गं? तीन दिस झालं, हुडकतोय."

मोरीत हालचाल झाली नाही. सावली नाही, काही नाही. फक्त उत्तर आलं.

"पत्र्याच्या पेटीत. पार तळाला. डांबरगोळ्या टाकल्यात, हात धुवा मग."

भीमराजदादांनी तोंडावर हात दाबून धरला. हात काढल्यावर त्यांनी मला सांगितलं की घरातल्या मालनला त्यांनी हेच विचारलं होतं, आणि ती म्हणाली होती, कुठला फ्रॉक?

त्याच संध्याकाळी त्यांनी बायकोला त्या खोलीपाशी आणलं. मी माझ्या दारातून बघत होते. त्यांनी तिचा हात धरला होता, आधी समजावत होते, मग ओढत होते. ती उंबऱ्याशी थांबली. आरडाओरडा केला नाही, हात सोडवायचा प्रयत्नही केला नाही. नुसती उभी राहिली, आणि धिप्पाड भीमराजदादांना तिला एक पाऊलही हलवता आलं नाही. तिचं बोलणं चौकात स्पष्ट ऐकू आलं.

"मला तिथे काही काम नाही. मी राहिले आहे तिथे पुष्कळ."

६

वर्ग बंदच झाला. किल्ली दादांनी शिवदासकाकांकडून मागून घेतली, सामान ठेवायला हवी म्हणून. काकांनी दिली. सामान म्हणजे एक चटई आणि पाण्याचा तांब्या. पहिली पाळी संपली की दादा थेट नऊ नंबरमध्ये जायचे, अंधार पडायला लागला की घरी. मधला वेळ आतून त्यांचं बोलणं ऐकू यायचं, कारखान्यातलं, गावाकडचं. मधे मधे थांबायचे. त्या थांबण्याच्या जागी कोणी बोलतंय का, हे मी कधी जवळ जाऊन ऐकलं नाही.

बायको त्या वेळात आपल्या घराच्या पायरीवर बसायची. हातात काम नसायचं. नऊ नंबरच्या दाराकडे बघत बसायची. धीराने, डॉक्टरकडे नंबर लावून बसल्यासारखी.

दादा वाळत चालले. दाढी वाढली. नळावर भेटले तरी 'जय भीम' तोंडातून उशिरा यायचं, मी समोर उभी आहे हे आधी त्यांना उमगावं लागायचं. एकदा मी धीर करून म्हटलं की दादा, तिथे इतका वेळ बसू नका. बोला, पण टक लावून बसू नका. ताईंचंही असंच झालं होतं.

त्यांना माझं म्हणणं कळलं. मला वाटतं माझ्याआधी कळलं होतं.

"ती तिथं एकटी हाय, बाई," ते म्हणाले. "घाबरती."

पुढच्या आठवड्यात विद्याधरला नाहूरच्या बाजूला काम मिळालं आणि आमचं चारकोप सोडायचं ठरलं. मी देवाचे आभार मानले. सामान बांधायला घेतलं. सकाळी दोरी आणि गोणपाट आणायला निघाले होते, तर बसस्टॉपवर भीमराजदादा आणि त्यांची बायको शेजारी शेजारी उभे. दादांची दाढी गुळगुळीत, केस पाण्याने बसवलेले, शर्ट इस्त्रीचा. किती दिवसांनी त्यांना असं बघत होते. मला एकदम बरं वाटलं. मी लांबूनच 'जय भीम, दादा' म्हणून हात जोडले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग थोडं वाकून, अतिशय आदराने म्हणाले, "गुड मॉर्निंग, टीचर. हाऊ डू यू डू?"

शेजारी उभी असलेली बाई हसली, आपल्या माणसाला चांगलं बोलता आलं म्हणून हसावं तशी.

मी मागे फिरले. चौकात दिवस नेहमीसारखा चालू होता. कोणी कपडे धूत होतं, कोणाचा कुकर वाजत होता. मी घराकडे वळायला हवं होतं. का वळले नाही ते अजून सांगता येत नाही. आत राहिलेल्या त्या दोघांना कोणीतरी एकदा भेटायला जावं असं वाटलं असेल. मी नऊ नंबरच्या खिडकीशी गेले.

दाराला बाहेरून कुलूप होतं. खिडकीची झडप आतून ओढलेली, एक फट तेवढी राहिलेली. मी श्वास धरून कान लावला.

आत दोन माणसं बोलत होती. हळू, घरातल्या घरात बोलतात तसं. ज्वारीच्या भाकरीबद्दल काहीतरी होतं, इथल्या पिठाला चिकटाई नाही असं. भीमराजदादांचा आवाज होता. दमलेला नव्हता. त्यावर ती काही म्हणाली आणि ते हसले. मी डोळा फटीशी नेला. आधी नुसता अंधार. मग आतल्या भिंतीपाशी अंधार जास्त दाट दिसला, दोन जागी, शेजारी शेजारी. त्यांच्यामध्ये तिसरा एक होता, बुटका, सातेक वर्षांच्या पोरीएवढा. तो हलला आणि खिडकीकडे वळला.

बोलणं थांबलं.

"भाईर कोन हाय बघा," मालनताई म्हणाल्या. "बाई हायत जणू. बोलवा की आत."

लोखंडी गजाला धरलेले माझे हात सुटत नव्हते, आणि समोरच्या फटीकडे बघता बघता चौकातले आवाज मला ऐकू येईनासे झाले होते. मला ते कळत होतं, पण नजर काढता येत नव्हती.

मग अगदी झडपेच्या पलीकडून, माझ्या कानापासून वीतभर अंतरावर, भीमराजदादा बोलले. मला नाही, तिला. पण मला ऐकू जाईल असं.

"नगं. त्यांना जाऊ दे. त्यांच्या घरी त्यांचा माणूस हाय."